नवा पिकअप आणि पाच हजार

"पाच हजार कमी केल्याशिवाय सही करणार नाही, लिहून घे!" शोरूमच्या दारात मामांनी मामींना बजावलं. "आणि गाडीचं कौतुक करू नकोस. विक्रेत्याला आपलं मन कळलं की खेळ खलास!"

बंद पडलेल्या गाड्या ओढून गॅरेजला पोचवणं, हा मामांचा बावीस वर्षांचा धंदा. पण त्यांचा जुना पिकअप आता चढ दिसला की धापा टाकायचा. गेल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकं हातची गेली होती. नवी गाडी आली नाही तर धंदा गुंडाळावा लागणार, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

आत पांढराशुभ्र पिकअप उभा होता. मामांनी मागचा हुक हलवून पाहिला, वाकून खालून ठोकून पाहिलं आणि त्यांचा जीव तिथेच जडला. चेहरा मात्र त्यांनी एरंडेल प्यायल्यासारखा केला.

"ओढते का काही?"

"तीन टन, साहेब!" विक्रेता म्हणाला.

"कागदावर सगळ्याच ओढतात. पाच हजार कमी करा."

"एक रुपयाही कमी होणार नाही."

"मग राहू द्या! चल गं!"

मामा ताडताड बाहेर पडले. विक्रेता मागून हाक मारणार, याची त्यांना शंभर टक्के खात्री होती. हाक काही आली नाही! मामांनी फाटकातच उभ्या केलेल्या जुन्या पिकअपची किल्ली फिरवली. खर्रर्र! पुन्हा फिरवली. नुसतं टक्! पाच मिनिटांत बॉनेटमधून धूर निघाला आणि फाटकात अडकलेल्या चार गाड्या एकसुरात कोकलू लागल्या.

आता मात्र विक्रेता धावत आला. "साहेब, तुम्ही पाहिलात तसाच आमचा ट्रायलचा पिकअप आहे, त्याने ओढून घरी सोडतो तुम्हाला."

बावीस वर्षांत मामा पहिल्यांदाच दोरीच्या मागच्या टोकाला बसले. पुढे एसीत बसलेल्या मामी विक्रेत्याशी हातवारे करून बोलत होत्या. गॅरेजवरून जाताना मेकॅनिक ओरडला, "मामा, आज तुम्हीच गिऱ्हाईक?" मामांनी मान खाली घातली. पण पुढचा तो दुष्ट चढ नव्या पिकअपने असा लीलया पार केला, की लाजबीज विसरून मामा स्टिअरिंगवर थाप मारून ओरडले, "शाब्बास!"

दारात उतरताच त्यांनी शरणागती पत्करली. "घेतली! सांगाल त्या भावात घेतली!"

विक्रेता हसला. "मामींनी सगळं सांगितलं. तीन महिने रोज आमच्या काचेबाहेर उभे असायचात म्हणे! एवढा जीव लावणारं गिऱ्हाईक कुठे मिळतं? चला, पाच हजार कमी."

मामांची छाती फुगली. सगळ्या गल्लीला हे ऐकू गेलं ना, हे त्यांनी पाहून घेतलं.

"बरं," विक्रेत्याने सहज विचारलं, "एवढं अंतर ओढायचे तुम्ही किती घेता?"

"बारा किलोमीटर, मध्ये चढ, वर रविवार!" मामा रुबाबात म्हणाले. "पाच हजारांच्या खाली आपण दोरीला हात लावत नाही!"

"मग आम्ही आणलं त्याचे पाच हजार. फिटंफाट!"

मामींनी कपाळावर हात मारला. "अहो, दोन हजार सांगायचे की!"

"वा!" मामांनी सहीसाठी पेन उघडलं. "आणि धंद्यातला रेट पाडू?"