नत्थूजींच्या हातातला देव

त्या गुरुवारी भागीरथाबाईंनी नवऱ्याला, नत्थूजींना, नवा झब्बा घालायला दिला. त्या झब्ब्याला खिसाच नव्हता, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

नत्थूजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन नागपुरात हुडकेश्वरला राहायला आले आणि त्याच सुमारास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि हे दुखणं आता सोबतच राहणार, हेही सांगून टाकलं. नत्थूजींना गोळ्या मान्य होत्या, पण लोकांना कळणं मान्य नव्हतं. कोणी आपल्याला ‘बिचारा’ म्हणेल या धास्तीनं ते भर मे महिन्यातही हात खिशात घालून फिरत. कोणाच्या घरी चहा घेत नसत, कारण हातात कपबशी वाजायची. पुढे पुढे तर ते कोणाच्या घरी जाईनासेच झाले.

“दिवसभर टीव्हीशी भांडून राहिले तुमी,” भागीरथाबाई म्हणाल्या. “चला भजनाले. चार लोकांत बसलं तं बरं वाटते.”

मंदिरात माइक बिघडला, भजन उशिरा सुरू झालं आणि नत्थूजींची गोळीची वेळ टळून गेली. आरती सुरू होईपर्यंत हात असा काही नाचायला लागला की मांडीखाली दाबला तर मांडीही हलायला लागली.

भजनी मंडळाच्या प्रमुख कांताबाईंनी ते पाहिलं. त्यांनी एकदा काही ठरवलं की ते बदलत नसे.

“थांबा गा सारे,” त्या म्हणाल्या. “नत्थूजीच्या अंगात आलं.”

नत्थूजी ‘नाही’ म्हणणार होते. पण मग हात कशानं हलतो, असा पुढचा प्रश्न आला असता. म्हणून ते गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यानं लोकांची खात्रीच पटली. कपाळभर कुंकू लागलं. पुढ्यात नारळ आला. शेजारचे वामनराव हात जोडून पुढे सरकले.

“जावयाची बदली गोंदियाहून नागपूरले होईन का?”

“मले काय माहीत,” नत्थूजी अगदी खरं तेच बोलले.

वामनरावांनी डोळे मिटले. “मंजे सारं आपल्या कर्मावर आहे,” त्यांनी मागच्यांना समजावून सांगितलं.

नत्थूजींनी पाणी मागितलं, तर तीर्थाचा अख्खा तांब्या आला. त्यांनी कनवटीला खोचलेली गोळी तीर्थासोबत गिळली. हळूहळू हात थांबला आणि “देव शांत झाले” असं म्हणत मंडळी नमस्कार करून आपापल्या घरी गेली.

“तू तरी काहून नाई सांगितलं वं?” घरी आल्यावर नत्थूजींनी बायकोला विचारलं.

“मले हासूच आवरून नव्हतं राहिलं. तोंडात पदर कोंबला, तं कांताबाई म्हणे, पाहा, भागीरथा भक्तीनं रडून राहिली.”

दुसऱ्या दिवसापासून घरी लोक यायला लागले. नत्थूजी दार लावून घेतील असं भागीरथाबाईंना वाटलं होतं, पण ते धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत बसले. खरं म्हणजे त्यांना बरं वाटत होतं. या हाताकडे पाहताना समोरच्याच्या डोळ्यात कीव नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. हात उघडा ठेवून ते चार लोकांशी बोलत होते, हसत होते.

“लोकाइले फसवून राहिले तुमी,” भागीरथाबाई म्हणाल्या.

“मी कुठं काय बोललो? हातच बोलते.”

पुढच्या गुरुवारी मंदिर भरून गेलं. या खेपेला मात्र भागीरथाबाईंनी नवऱ्याला वेळेवर गोळी देऊनच घराबाहेर काढलं. आरती झाली, धूप झाला, कापूर झाला. हात मांडीवर झोपलेल्या मांजरासारखा पडून होता. कुजबुज सुरू झाली. कांताबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती आपल्या सुनेवर, नीलावर, येऊन थांबली.

“तुनं सकाळी अंडे उकडले होते नं?”

“ते तं तुमच्या नातवासाठी, आई.”

“त्याच हातानं दिवा लावला. देव कसा येईन मग?”

सगळ्यांच्या माना नीलाकडे वळल्या. तिचा चेहरा उतरला, डोळे भरून आले. नत्थूजींना आपल्या कपाळावरचं कुंकू एकदम जड वाटायला लागलं. ते उठून उभे राहिले.

“त्या पोरीचं काही चुकलं नाई,” ते म्हणाले. “आज मी गोळी वेळेवर घेतली.”

कोणालाच काही कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. कंपवात सांगितला, खिसा सांगितला, कपबशी सांगितली. “देव माया अंगात कधीच आला नाई. पण या आठवड्यात तुमी सारे घरी आले, तं जीव हलका झाला. लपवून लपवून मी थकलो होतो.”

आता कोणीतरी ‘बिचारा’ म्हणणार, म्हणून नत्थूजी मान खाली घालून उभे राहिले. वामनराव खाकरले.

“मंजे नत्थूभाऊ, मी पाया पडलो ते गोळीच्या?”

“गोळी तं तवा घेतलीच नव्हती गा. बिमारीच्या पडले तुमी.”

पहिली नीला हसली. मग भागीरथाबाईंना पदर पुरेना, आणि बघता बघता सगळं मंदिर हसायला लागलं. नत्थूजी तर इतके हसले की त्यांना खांबाला धरून बसावं लागलं.

एकट्या कांताबाई हसल्या नाहीत. सगळे प्रसाद घेऊन निघाले, तरी त्या घंटेखाली घुटमळत राहिल्या. मग नत्थूजींच्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “तुमचा तो डॉक्टर कोठी बसते?”

“प्रताप नगरात. काहून?”

कांताबाईंनी पदराखालून डावा हात बाहेर काढला. बोटं बारीक थरथरत होती.

“सालभर झालं,” त्या म्हणाल्या. “मले वाटे, देवीच येते.”

नत्थूजींनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या ओठावर ‘बिचारी’ आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“उद्या सोबत जाऊ,” ते म्हणाले. “दाखवून घेतलं तं देवी काई रागावत नाई. आणि बिमारी निघाली तं निघाली. मी आहोच सोबतीले.”

कांताबाईंनी डोळे पुसले, हात पुन्हा पदराखाली घेतला आणि दाराशी चपला घालणाऱ्या नीलाकडे एकदा पाहून घेतलं.

“येईन मी,” त्या म्हणाल्या. “पण आमच्या सुनेले एवढ्यात सांगू नका. मंगळवारी देवी येते म्हणून ती माये पाय दाबून देते.”