हनुवटीचं पुस्तक

आप्पा चितारी मांजराचं चित्र काढण्यासाठी निपाणीहून मुंबईला गेले, तेव्हा त्यांच्याच उंबऱ्यावर एक मांजर झोपलं होतं.

ही थाप नव्हे. मी त्यांच्या शेजारच्या घरात राहणारा शाळामास्तर, आणि त्या मांजराच्या पोटात आमच्याच घरचं दूध जात होतं. एका विडीवाल्या शेटजींना 'मांजर छाप' विडीचं लेबल हवं होतं. शेटजी म्हणाले, "आप्पा, हे काय समोर पडलंय. बघा आणि काढा की."

"हे एक मांजर झालं, शेट," आप्पा म्हणाले. "मांजर म्हंजे काय, ते पुस्तकात बघाय पायजे. दाखला पायजे, दाखला!"

तीन आठवड्यांनी ते अकरा मांजरं तेलकट कागदावर उतरवून परत आले. तोवर शेटजींनी कोल्हापुरातून लेबल छापून आणलं होतं, आणि उंबऱ्यावरचं मांजर आप्पांच्या रंगाच्या पेटीत व्यालं होतं. आप्पांनी पिल्लांकडे पाहिलं, मग हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुस्तकातल्यांचं कान बरोबर हायत."

आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा!

मुंबईत चित्रकलेच्या एका मोठ्या शाळेत नुसत्या चित्रांच्या पुस्तकांची लायब्ररी होती. नक्षी, पशुपक्षी, राजेराण्या, कमानी, म्हणाल ते. पुस्तक घरी मिळत नसे. तिथंच बसायचं, बघायचं, पेन्सिलीनं उतरून घ्यायचं. शाई आत न्यायची नाही. कधीकाळी कुणा इंजिनेर साहेबानं आप्पांना शिफारशीची चिठ्ठी दिली होती. तिचे घडीवर फाटून चार तुकडे झाले, तरी आप्पा ते खळीनं चिकटवून दरवर्षी घेऊन जायचे. सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूर, पुढं रेल्वे, डब्यात भाकरी आणि सुक्या लसणाची चटणी.

एवढं जिवावर उदार होण्याचं कारण आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. प्लेगात गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं, तेव्हा आप्पांची गोदी सहा वर्षांची होती. बायको आधीच गेलेली. झोपडीत गेल्यावर तिसऱ्या दिवशी गोदीही गेली. फोटो कसला असणार! आणि ह्या चिताऱ्या बापानं जन्मभर वाघ, हत्ती, लक्ष्म्या काढल्या, पण पोरीचं चित्र एकदाही काढलं नव्हतं. समोरच तर आहे, कधीही काढू, असं वाटलं म्हणे.

मग काढायला बसले तर चेहरा येईना.

"डोळं मिटलं की येती, मास्तर. पेन्सिल धरली की जाती," हे मला त्यांनी शंभरदा तरी सांगितलं असेल. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या हातावरचा, डोळ्यावरचा भरवसाच उडाला. छापील असेल तेच खरं. गोदीचं नाक, गोदीची भुवई कुठल्या ना कुठल्या पुस्तकात असणारच, ती हुडकून काढायची आणि जोडायची, एवढा एकच ध्यास. मांजर काय, वाघ काय, सगळी मुंबईला जायची निमित्तं. गोदी मीही पाहिलेली होती, मी तिच्याच बरोबरीचा. पण मला फक्त तिचा भोकाड पसरल्याचा आवाज आठवतो, आणि तो काही चित्रात काढता येत नाही.

ह्या दाखल्याच्या वेडापायी माणूस स्वतःचं तोंडसुद्धा बघेनासा झाला. न्हाव्यानं दाढी करून आरसा पुढं केला की आप्पा मान फिरवायचे. "ठेव तिकडं. माझ्या थोबाडाचं काय लेबल करायचंय?" घरात आरसा नव्हताच. कपाळाचं गंध भुवईवर आलेलं असायचं, आणि आम्ही गल्लीतले शहाणे फिदीफिदी हसायचो.

एकदा मावसभावाच्या लग्नासाठी मी मुंबईला गेलो, तेव्हा त्यांच्याबरोबर त्या लायब्ररीत गेलो. आप्पांनी वहाणा बाहेर काढल्या, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि कपाटांना नमस्कार केला. बुटातली पोरं बघत राहिली. आप्पांनी मागणीची चिठ्ठी लिहून दिली: 'मुलगी. वय सहा. हनुवटी.'

ग्रंथपालांनी चष्मा वर केला. "आप्पा, दर वर्षी सांगतो, हनुवटीचं वेगळं पुस्तक नसतं हो."

"मग मागं कानाचं घावलं ते?"

"ते डॉक्टरांसाठी होतं!"

पण भला माणूस. उठला आणि पाटाएवढाली चार पुस्तकं आणून ठेवली. आत प्रत्येक चित्रावर पातळ कागद होता. झोपलेल्या पोराच्या तोंडावरचं पांघरूण काढावं तसा आप्पा तो उचलायचे, खालचा चेहरा बघायचे आणि मान हलवायचे. न्हाय. पुढचा कागद. न्हाय. दिवसभर हेच. मला राग आला, खरंच सांगतो. वाटलं, ओरडून सांगावं, अहो, ती ह्या पुस्तकांत नाही, कुठल्याच पुस्तकात नाही. तेवढ्यात आप्पा हळूच म्हणाले, "मास्तर, भुवई घावली." कुठल्या तरी परदेशी राणीची होती. मी पेन्सिल त्यांच्या पुढ्यात सरकवली.

अशा किती वर्षांत किती तुकडे जमले! भुवई राणीची, कान डॉक्टरी पुस्तकातला, ओठ एका देवदूताचे. आप्पांनी ते जोडले. जोडून झालं ते बघायला मला बोलावलं. कागदावर कुणा गोऱ्या कलेक्टराची पोरगी बसली होती.

"ही न्हाय," आप्पा म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग दुसरी मोठी लढाई आली. आप्पा तेव्हा साठीच्या पुढं गेलेले, दात पडलेले, एका डोळ्यात फूल पडून दिसेनासं झालेलं. तरी गेले. चौथ्या दिवशी परत आले ते घरी न जाता सरळ आमच्या सोप्यात येऊन बसले. बाँबच्या भीतीनं मोठी पुस्तकं पेट्यांत भरून कुठंतरी हलवली होती. कधी परत येतील, कुणाला ठाऊक नव्हतं.

माझी आई सुपात तांदूळ निवडत होती. आप्पा बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आक्का, तुमी तिला न्हाऊ घालत होता न्हवं?"

"व्हय की. माळावर बी मीच घातलं. शेवटचं."

"मग... कशी दिसायची वो ती?"

मी आईकडे बघतच राहिलो. एवढ्या वर्षांत जिवंत माणसाला विचारायचं ह्यांना सुचलं नव्हतं, आणि मी मोठा शिकलेला मास्तर, मला तरी कुठं सुचलं!

आईनं सूप खाली ठेवलं. "अवो आप्पा, असं काय इच्यारताय? ती थेट तुमच्यावर गेलती. नाक, हनुवटी, समदं तुमचंच. बाया थट्टा करायच्या, आप्पानं सोताचंच चित्तर काढून परकर नेसवलाय म्हणून."

आप्पा म्हणाले, "मास्तर, आरसा हाय काय घरात?"

मी खुंटीवरचा आरसा काढून दिला. त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला. बसकी गालफडं, पांढरे खुंट, गळ्याशी लोंबणारं कातडं. बोटानं त्यांनी हनुवटी चाचपली.

"दाखला खराब झालाय," ते म्हणाले. "वीस वर्सांमागं बघाय पायजे होता."

आई पदर डोळ्याला लावून आत गेली. आप्पा आरसा घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना बघतो, तर आप्पा उंबऱ्यात आरसा टेकवून बसलेले. एका हातानं गालाचं कातडं कानाकडं ओढून धरलं होतं आणि दुसऱ्या हातात पेन्सिल होती. एक गाल वर, एक खाली. दुसरं कुणी असतं तर मी हसून हसून लोळलो असतो.

"एक हात कमी पडतोय, मास्तर," ते म्हणाले. "एक गाल धरला की दुसरा सुटतोय. जरा धरा की."

मी दप्तर खाली ठेवलं, त्यांच्या मागं गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हातांनी दोन्ही गाल वर ओढून धरले. कातडं गार होतं. आरशात त्यांचं तोंड घट्ट झालं, आणि पेन्सिल कागदावर टेकली.

चित्र जमलं नाही, हे सांगून टाकतो. पण उजेड होता तोवर मी गाल सोडले नाहीत.