मिटलेल्या तोंडाचा पैलवान

आमच्या अपार्टमेंटमधले लोक बापूमामांना बरेच दिवस पाणीपुरवठ्याचे साहेब समजत होते. दर सोमवारी प्रत्येक मजल्यावर एकेक दार वाजवून ते विचारायचे, "पावणं, पाणी येतंय न्हवं येळंवर?" आणि तक्रार संपेपर्यंत ऐकून घ्यायचे. तेवढ्यात त्यांचा दम परत यायचा.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, एकेकाळचे पैलवान. वजन एकशे तीस किलो. समोरच्यावर नुसते रेलले तरी कुस्ती निकाली, असं तेच सांगायचे. पण पाच-दहा मिनिटांत निकाल लागला नाही, तर तेच वजन त्यांच्या मानगुटीवर बसायचं. म्हणून वस्तादांनी शिकवलेलं, "तोंड उघडलं की कुस्ती गेली." दम लागलेला समोरच्याला दिसता कामा नये. माती सुटली, गुडघे गेले, वजन तेवढं इमानदारीनं राहिलं. मामा अजून नाकानंच श्वास घ्यायचे.

नव्वदच्या दशकात मी मोठ्या हौसेनं तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वारा किती छान येतो ते सगळ्यांना सांगितलं. लिफ्टचं विचारायचं सुचलं नाही. पुढं आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. मामा उचगावातनं तिच्यासाठी म्हशीच्या दुधाची किटली घेऊन यायचे.

मग यायचे थांबले. किटली तेवढी वॉचमनच्या हातून वर यायची. आई म्हणायची, "पैलवानाला बहीण जड झाली."

एका सोमवारी मी कामावरून लवकर आलो, तर मामा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. तोंड सताड उघडं. मला बघताच मिटलं.

"मामा, वर चला की."

"घाईत हाय." मग नाकानं दोन लांब श्वास घेतले. "अक्का जेवली?"

"जेवली."

"तिला सांगू नगंस, मी असा बसलोय म्हणून. रागावली तर रागावू दे. तिनं माझी कीव करायची न्हाय."

मी शब्द पाळला. वर्षभर. आईला खुर्चीत बसवून खाली आणता आलं असतं, चार माणसं कुठंही मिळाली असती. तेही मला सुचलं नाही.

चार माणसं मिळाली ती शेवटीच. आईला घेऊन आम्ही जिना उतरलो, तेव्हा मामा त्याच पायरीपाशी उभे होते.

"मला वर येता यीना," ते तिला म्हणाले, "म्हणून तूच खाली आलीस व्हय अक्का."

आणि एवढ्या लोकांदेखत मामांनी तोंड उघडून श्वास घेतला.