गालावरचा अनुस्वार

छापखान्यात त्यांना सगळे शोधकबुवा म्हणत. मुद्रितं तपासणं हे त्यांचं काम, आणि गळलेला अनुस्वार ते हातभर अंतरावरून पकडायचे. घरात मात्र त्यांचं कशाकडे लक्ष नसतं, ही बायकोची जुनी तक्रार. गेल्या वर्षी ते लग्नाचा वाढदिवस साफ विसरले, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तुम्ही माझ्याकडे बघता तरी का हो?" ते त्यांना फार लागलं होतं.

म्हणून यंदा तिच्या तरुणपणच्या फोटोचं तैलचित्र करायचं त्यांनी ठरवलं. (स्वतः रंगवायचं नव्हतं, कॉम्प्युटरवर त्याचं बटण होतं.) अल्बममधला एक फोटो गुपचूप काढला, स्कॅन केला, बटण दाबलं. पहिल्या फटक्यात नाक गालात विरघळलं. ब्रशचा जाडपणा कमी केल्यावर ते परत आलं, पण जरा बाजूला. रविवारची अख्खी सकाळ घालवल्यावर कुठे चित्र माणसाचं दिसू लागलं आणि शोधकबुवा स्वतःवरच खूश झाले.

तेवढ्यात धंद्याची नजर जागी झाली. तीळ कुठाय? बायकोच्या गालावर चांगला ठसठशीत तीळ होता.

"गिळला मेल्या सॉफ्टवेअरनं!" ते पुटपुटले.

गळलेला अनुस्वार देणं सोपं, पण द्यायचा कुठल्या गालावर? मूळ फोटो इतका पुसट झालेला, की त्यातही काही कळेना. बावीस वर्षांच्या संसारानंतर हे बायकोला विचारायची सोय नव्हती. ते स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याशी कांदा चिरत होती. उजवा गाल कोरा.

"काही हवंय?"

"नाही, सहज."

ते वळसा घालून फ्रिजच्या बाजूला गेले आणि वाकून बघू लागले.

"अहो, झालंय काय तुम्हाला?"

"बघतोय तुझ्याकडे."

सुरी थांबली. "इश्श! या वयात?" ती लाजली आणि डाव्या गालावरच्या तिळाभोवती लाली चढली. (त्या दिवशी चहा न मागता मिळाला.)

वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी फ्रेम तिच्या हातात ठेवली. तिने गालावर बोट ठेवलं.

"हा तीळ तुम्ही काढलात?"

"मग! सॉफ्टवेअरनं गिळला होता. बघ, बरोबर डावा गाल."

"म्हणजे त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही तीळ शोधत होतात?"

शोधकबुवा चष्मा पुसू लागले.

"तो फोटो आणा बरं."

त्यांनी आणला. तिने तो उलटा केला. मागे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'ताई, कॉलेजच्या सहलीला.' जन्मभर लोकांचं लिहिलेलं वाचणाऱ्या माणसानं एवढी एक ओळ वाचली नव्हती. शोधकबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही दोघी बहिणी दिसायला इतक्या..."

"चित्र मात्र सुरेख झालंय हं," ती शांतपणे म्हणाली. "ताईला पाठवून देऊ. तेवढा तो डाग पुसून द्या."