आतून लावलेला जोड

दाताच्या दवाखान्यातलं गोल काउंटर पूर्ण झालं तेव्हा शुक्रवारचे दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि धाकटा त्याच्या आत होता.

आत होता यात विशेष काही नव्हतं. गेली सत्तावीस वर्षं दोघा भावांच्या कारखान्यात थोरला बाहेरून धरायचा आणि धाकटा आतून जोड द्यायचा. वाटणी कागदावर नव्हती, पण पक्की होती. जे उघडतं ते थोरल्याचं, जे उघडत नाही ते धाकट्याचं. बिजागऱ्या, खण, दारं थोरला बघायचा. धाकट्याचा जोड असा, की सॉलिड सरफेसच्या दोन तुकड्यांवरून बोट फिरवलं तरी एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळू नये. खनिजाची भुकटी आणि अ‍ॅक्रिलिक यांचा हा बनवलेला दगड. त्याच रंगाचा गोंद लावायचा, वाळला की घासायचा, की दोन्ही तुकडे एकजीव.

चार महिन्यांपूर्वी थोरल्याची मुलगी वडिलांना आपल्याकडे घेऊन गेली. निघताना थोरला म्हणाला होता, "एक काम एकट्याने करून दाखव. जमलं तर कारखाना चालू ठेव. नाही तर मुकाट्याने तिकडे ये, तुझी खोली तयार आहे." ती खोली धाकट्याने फोटोत पाहिली होती. पलंगाला खेटून व्यायामाची सायकल होती आणि सायकलवर पुतणीच्या घरचे टॉवेल वाळत होते.

हे ते एक काम. छप्पन्नाव्या वर्षी धाकटा पहिल्यांदाच एकटा होता. बाहेरून धरायला त्याने अकरा क्लॅम्प लावले होते, आणि त्यांतल्या एकाला सवयीने "जरा वर घे" असं सांगूनही झालं होतं.

शेवटचा जोड बसला. "झालं," असं म्हणून तो पाणी प्यायला निघाला. निघाला म्हणजे त्याने काउंटरच्या आतून एक फेरी मारली. मग एक उलट्या दिशेने मारली.

नकाशात दोन फुटांचं दार होतं. दाराचा तुकडा मापाला चोख कापलेला होता, फक्त तो बिजागरीवर बसायचा होता. पण तुकडा धाकट्याच्या हातात आला आणि हातांनी जन्मभर जे केलं तेच केलं, जोड दिला.

काउंटर छातीएवढं उंच. डब्यावर चढून ओलांडता आलं असतं, पण गोंद कडक व्हायला तासभर लागतो. त्याआधी वजन पडलं तर जोड उकलणार, आणि त्या लॉटची, हुबेहूब त्याच रंगाची शीट आता मिळणार नव्हती. फोन बाहेर खिडकीत, पाण्याची बाटलीही तिथेच. धाकटा रिकाम्या डब्यावर बसला.

गोंदाचा वास जावा म्हणून दवाखान्याचं दार उघडं ठेवलं होतं. त्यातून गाल सुजलेला एक माणूस आत आला.

"डॉक्टर आहेत?"

"सोमवारपासून."

"मग तुम्ही काय करताय?"

"मी आत आहे."

"ते दिसतंय हो. माझं नाव लिहून घ्या, सोमवारी पहिला नंबर."

धाकट्याने कानावरची पेन्सिल काढली आणि नकाशाच्या मागच्या बाजूला नाव लिहिलं. "कधीपासून दुखतंय?" त्याने विचारलं. का विचारलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. चार महिन्यांत त्याने माप सोडून कुणाला काही विचारलंच नव्हतं. माणूस अर्ध्या तोंडाने वीस मिनिटं बोलला आणि जाताना म्हणाला, "जरा बरं वाटलं."

मग एक कुरिअरवाला सही घेऊन गेला. त्याच्यामागून एक म्हाताऱ्या बाई कवळीची डबी घेऊन आल्या.

"अहो, बाहेर येऊन बोला की. मला कमी ऐकू येतं."

"येता येत नाही, मावशी. दार ठेवायचं राहिलं!"

"कुणाकडून राहिलं?"

"माझ्याकडूनच!"

मावशींनी काउंटरभोवती बाहेरून एक फेरी मारून खात्री करून घेतली. "घरी वाट बघत असतील ना तुमची?"

"कुणी नाही."

"माझीही नाही," म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि खिडकीतली बाटली त्याला दिली.

साडेतीनला गोंद टणक झाला होता. क्लॅम्प काढायचं काम मावशींनी केलं. "हा सुटत नाही मेला," असं प्रत्येक क्लॅम्पला ऐकवून त्यांनी अकराही सोडवले. धाकट्याने आतून आणि वाकून बाहेरून जोड घासला, बारीक कागद फिरवला, पुसला. जोड नाहीसा झाला. आता खुशाल चढून बाहेर येता आलं असतं. तो पुन्हा डब्यावर बसला, कारण मावशींची गोष्ट अर्धी राहिली होती.

तेवढ्यात फोन वाजला. तो मावशींनीच उचलला. "साहेब आत आहेत, देते हं."

"ती बाई कोण रे?" थोरल्याने विचारलं.

"पेशंट आहेत."

"बरं. काम झालं?"

"झालं, दादा."

"जोड?"

"दिसत नाही."

"आणि दार?"

"तेही दिसत नाही."

थोरला खोकला येईपर्यंत हसला. धाकटा मान खाली घालून ऐकत राहिला. आता खोलीचं निघणार, टॉवेलांसकट.

"म्हणजे एकट्याने नाही जमलं."

"नाही जमलं."

थोरल्याने आवाज खाली आणला. "हे बघ, दार कापून बिजागऱ्या लावायला मलाच यावं लागणार. तुझ्याच्याने ते व्हायचं नाही."

"पोरगी सोडेल तुला?"

"तिला सांगतो, काका काउंटरमध्ये अडकलाय. काय बोलणार ती? अरे, चार महिने त्या सायकलवर बसवलंय मला. साडेसहाशे किलोमीटर झाले, आहे तिथेच आहे." मग तो म्हणाला, "आज गाडी मिळाली तर परवा सकाळी पोचेन. तोवर गोंद ओला राहील ना?"

धाकट्याने जोडावरून हात फिरवला. काचेसारखा गुळगुळीत, खणखणीत वाळलेला.

"राहील," तो म्हणाला. "हवा दमट आहे."

"दमटच असणार," सत्तावीस वर्षं तोच गोंद वापरलेला थोरला म्हणाला. "मी येईपर्यंत हलू नकोस तिथून."