सुया थांबल्या की प्रेम मंजूर

माणसाला माणसाचा राग आला तर त्याला कुणी पुरावा मागत नाही. राग आला म्हणून सांगा, ऐकणारा लगेच मान डोलावतो आणि वर स्वतःच्या दोन-चार तक्रारी जोडून देतो. पण प्रेम जमलं म्हणून सांगा, की तोच माणूस खुर्ची पुढे ओढून विचारतो, "असं कसं एकदम?"

या "असं कसं एकदम"चा कायमचा बंदोबस्त करण्यासाठी एका नावाजलेल्या वाहिनीने एक स्वतंत्र विभाग काढला. त्याची ही हकीकत.

वाहिनीचं खरं तर बरं चाललं होतं. तिच्या बीएल मालिका, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाच्या मालिका, लोक ताटं हातात घेऊन बघायचे. त्यातही आधी वैर, मग प्रेम, ही जात विशेष लाडकी. दोन देखणे तरुण पहिल्या भागात एकमेकांचं तोंड बघायला तयार नसायचे आणि शेवटच्या भागात दुसरीकडे बघायला तयार नसायचे. मधल्या भागांत काय घालायचं, एवढाच काय तो प्रश्न. तो एका लेखकाने भलत्याच लवकर सोडवला. त्याच्या मालिकेत एका वकिलाने दुसऱ्या वकिलाला भर पार्टीत पोहण्याच्या तलावात ढकललं, आणि त्याच तलावातून त्याला बाहेर ओढताना जन्मभराच्या शपथाही घेऊन टाकल्या.

प्रेक्षक खवळले. एका आजीबाईंनी वाहिनीला फोन लावला. "मी चहा टाकायला उठले तेव्हा ते भांडत होते. चहा गाळून आले तर संसार मांडलेला! मधे काय झालं ते तरी सांगाल की नाही?"

मालिका बंद पडली आणि लेखकाला इमारतीत सगळे उरक्या म्हणू लागले. त्याला समज देण्यात आली, की पुढची मालिका लोकांना पटली नाही तर त्याची बदली तळमजल्यावर होईल. तिथे बसून पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी लिहायची असते. ("थोड्याच वेळात परत येत आहोत" हे वाक्य तिथल्याच एका माजी कादंबरीकाराचं आहे.)

आणि मग विश्वासार्हता व गती विभागाची स्थापना झाली.

विभागप्रमुख म्हणून ज्या बाईंना आणलं, त्या पूर्वी लिफ्ट तपासणीच्या कामावर होत्या. निवड अगदी योग्य होती. माणसं एकदम खाली आली तर काय होतं, हे त्यांच्याइतकं इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठलीही पटकथा वाचून त्या चष्मा काढायच्या आणि म्हणायच्या, "पटेना." त्यामुळे त्यांचं नाव पटेनाबाई पडलं. ते त्यांना आवडायचं.

आता पटलं की नाही हे मोजायचं कसं? आधी प्रेक्षकांच्या कपाळाला तारा लावून पाहिल्या. कपाळाला खाज सुटते, यापलीकडे काही सिद्ध झालं नाही. मग एके दिवशी हिशेबनिसाची आई डबा द्यायला आली आणि चाचणीच्या खोलीत मागे विणत बसली. पडद्यावर एका शत्रूने दुसऱ्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. म्हातारीच्या सुया थांबल्या. पटेनाबाईंनी हे टिपलं, आणि जगातली सगळ्यात स्वस्त मोजपद्धत जन्माला आली.

तेव्हापासून चाचणीला कर्मचाऱ्यांच्या घरची विणणारी वडीलधारी मंडळी बसू लागली. त्यांना मानधन लागत नाही, लोकर दिली की झालं. नियम सोपे होते. सुया चालू राहिल्या, म्हणजे प्रसंग पटला नाही. सुया थांबल्या, म्हणजे पटला. टाका सुटला, म्हणजे काळीज हललं. आणि गतीचं माप असं, की वैर सुरू झाल्यापासून हातात हात येईपर्यंत निदान स्वेटरची एक बाही पूर्ण व्हायला हवी. त्याआधी जे जमेल त्याला "घाईचं प्रेम" म्हणावं आणि परत पाठवावं.

प्रेमाकडे जाण्याचे टप्पेही विभागाने ठरवून दिले. पहिला, दोघांनी वळणावर एकमेकांवर आदळणे व कागद सांडणे (कागद नसतील तर संत्री चालतील). दुसरा, एकाला ताप येणे व दुसऱ्याने नाइलाजाने कपाळावर ओली घडी ठेवणे. विभागाच्या आकडेवारीनुसार अशा तापात आजवर एकाही माणसाला डॉक्टरकडे नेलेलं नाही आणि एकही दगावलेला नाही, त्यामुळे वैद्यकशास्त्राने यात लक्ष घालायला हरकत नाही. तिसरा, बाहेरगावी गेल्यावर लॉजमध्ये एकच पलंग शिल्लक असणे. चौथा, एका फोनने मिटेल असा गैरसमज होणे आणि नेमकी मोबाइलची बॅटरी संपणे. (या मालिकांमध्ये बॅटरीइतकं कुणीच राबत नाही, पण बक्षीस समारंभाला तिला कुणी बोलावत नाही.)

हे सगळं झालं की हात हाताकडे निघायचा. एका भागात निघायचा, पुढच्या भागात पोचायचा. मधे साबणाच्या जाहिराती.

उरक्याला हे सगळं मान्य होतं. माणूस पोट भरायला काय काय मान्य करतो! पण या खेपेला त्याने एक आगाऊपणा केला. त्याने खरं लिहिलं.

खरं असं होतं. इमारतीच्या मागच्या बाजूला सेटचा कारखाना होता आणि तिथे एक सुतार होता. उरक्याचं आणि त्याचं कित्येक वर्षांचं हाडवैर, आणि तेही दारावरून. उरक्या प्रत्येक पटकथेत लिहायचा, "दार आपटून निघून जातो." नट दार आपटायचा, आणि दार चौकटीसकट त्याच्या मागोमाग निघायचं.

"साहेब, हे दार बघायचं असतं," सुतार म्हणायचा. "आपटायचं असेल तर घरचं आपटा."

उरक्याने पुढच्या भागात मुद्दाम दोन दारं आपटायला लावली. सुताराने पुढच्या सेटवर दार आतल्या बाजूला उघडणारं बसवलं. नट बिचारा "पुन्हा तुझं तोंड बघणार नाही!" असं ओरडून दार बाहेर ढकलत बसला. शेवटी ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्यानेच त्याला दार उघडून दिलं. ते तसंच दाखवलं गेलं. उरक्याने सुताराची तक्रार केली, सुताराने उरक्याची. दोघंही जेवणाच्या सुट्टीत एकमेकांकडे पाठ करून बसायचे, आणि पाठ नेमकी कुठे करायची हे कळावं म्हणून आधी दुसरा कुठे बसलाय ते शोधायचे.

मग एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना उरक्या कारखान्यात भांडायला उतरला. सुतार एक जडसं दार चौकटीला लावत होता. त्याने मान वरही केली नाही.

"भांडायचंय ना? भांड. पण हात रिकामे ठेवू नकोस. पलीकडून दार धर."

उरक्याने धरलं. मधे दार असल्यामुळे दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, नुसती बोटं दिसत होती. भांडण चालू होतं आणि अधूनमधून सुतार म्हणत होता, "जरा वर... तुझी बाजू... हां, तिथेच." हळूहळू मुद्दे संपले. शेवटचा स्क्रू बिजागरीत बसला. दार बसलं. आणि कुणीच दार सोडलं नाही.

(एवढंच. पुढे शोधू नका, काही नाही.)

त्यानंतर शिंप्याच्या दुकानावरच्या उरक्याच्या खोलीत दोन कप आले, आणि सुताराचा ओव्हरटाइम एकाएकी वाढला. घरी आई होती, तिला काय सांगणार? ही आई म्हणजे विभागाच्या चाचणीतल्या सगळ्यात भरवशाच्या विणणाऱ्या, थोरल्या काकू. पटेनाबाई म्हणायच्या, बाकीच्यांच्या सुया इकडेतिकडे होतील, पण थोरल्या काकू थांबल्या म्हणजे सगळे प्रेक्षक थांबले.

"मला आईला तोंडाने सांगता येणार नाही," सुतार म्हणाला होता. "लहानपणापासून मी तिला 'भूक लागली' आणि 'येतो' याच्यापुढे काही सांगितलेलं नाही. तू लिही. ती तिथे बसून बघेल. सुया थांबल्या, तर पटलं समजू."

"आणि नाही थांबल्या तर?"

"तर ओव्हरटाइम. जन्मभर."

म्हणून उरक्याने दाराचा प्रसंग जसाच्या तसा लिहिला. पटेनाबाईंनी वाचला आणि चष्मा काढला.

"पटेना. ताप कुठाय?"

"ताप नाही, बाई."

"संत्री? पलंग? अहो, माणूस एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेला तरी मधे काहीतरी लागतं. हा तुमचा सुतार दार धरून उभा राहिला आणि थेट गच्चीवर पोचला!"

शेवटी तडजोड झाली. तोच प्रसंग दोन्ही प्रकारांनी करायचा, एक खरा आणि एक तापाचा. सुया सांगतील तो ठेवायचा. तापाची हकीकत कळल्यावर सुताराने रंधा खाली ठेवला. "मी आईला काय सांगू? की मला बरं नव्हतं?"

चाचणीच्या दिवशी खोलीत तिघं विणत बसले. थोरल्या काकू, धाकट्या काकू आणि एक निवृत्त बसचालक आजोबा, जे फक्त मफलर विणायचे, कारण मफलरला वळणं नसतात. पटेनाबाई सगळ्यांचे हात दिसतील अशा बसल्या. उरक्या भिंतीला टेकून उभा होता. सुतार खोलीच्या दाराशी वाकून बिजागरीला तेल घालत होता. ती बिजागरी करकरत नव्हती.

आधी ताप दाखवला. धाकट्या काकूंच्या सुया थांबल्या. ओल्या घडीला आजोबांचा टाका सुटला. थोरल्या काकूसुद्धा थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, त्याला कुणी औषध का देत नाही?" थांबणं ते थांबणं. ते मोजण्यात आलं.

मग खरा प्रसंग लागला. पडद्यावर दार, दाराच्या दोन बाजूंना बोटं. "जरा वर... हां, तिथेच." आजोबांनी जांभई दिली. धाकट्या काकूंनी लोकरीचा गुंता सोडवायला घेतला. आणि थोरल्या काकूंच्या सुया थांबल्या तर नाहीतच, उलट भराभर चालू लागल्या. दाराशी तेलाची बुधली जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

"नामंजूर," पटेनाबाई म्हणाल्या.

"पण हे घडलंय!" उरक्या ओरडला. ओरडल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

"घडलं असेल," बाई समजुतीने म्हणाल्या. "घडायला विभागाची काही हरकत नाही. पटायला पाहिजे. काकू, तुम्ही सांगा, कुठे अडलं?"

"अडलं कुठे?" थोरल्या काकूंनी मान वर न करता विचारलं. "अडलं असतं तर थांबले असते ना! मला ठाऊक असलेलीच गोष्ट मला परत दाखवताय, त्यात थांबून काय बघू? अहो बाई, माझा मुलगा खाली पाचर लावतो आणि एकटा दार बसवतो. भलं मोठं असलं तरी एकटा. त्याला पलीकडून धरायला माणूस कधीपासून लागायला लागलं?"

उरक्याने दाराकडे पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं. आपण त्या दुपारी दार तोलून धरलं होतं, असा त्याचा आजवर समज होता. सुतार बिजागरीत तोंड खुपसून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"रोज जेवताना या लेखकाला शिव्या घालायचा," काकू पुढे म्हणाल्या. "एक दिवस एकाएकी बंद. तेव्हाच म्हटलं, झालं. आणि वर तो ओव्हरटाइम! एवढा ओव्हरटाइम आणि यांचा एक सेट वेळेवर होईल तर शपथ." मग त्यांनी हातातलं विणकाम पसरलं. "तू रे, भिंतीला चिकटलेला. इकडे ये. पाठ कर."

उरक्या गेला. त्याने पाठ केली. काकूंनी स्वेटर त्याच्या खांद्यांना लावून बघितला. दोन्ही बाजूंनी चांगला हातभर लोंबत होता.

"मेल्या, तू एवढासाच?" काकू वैतागल्या. "शिव्या देताना तुला केवढा मोठा करून सांगायचा! आता सगळं उसवायला हवं." मग दाराकडे बघून, "आणि तू रे, ते तेल पुरे झालं. भूक लागली असेल तर दोघं मिळून या संध्याकाळी."

"येतो," सुतार म्हणाला.

पटेनाबाईंनी निकाल दिला: "काकूंचा खुलासा हृद्य आहे, परंतु मोजता येत नाही. सुया थांबल्या नाहीत, सबब ताप मंजूर."

मालिका तापासकट लागली आणि तुफान चालली. संत्रीही सांडली, पलंगही एकच निघाला. उरक्याची बदली टळली. सुतार अजून कुरकुरतो, की मी जन्मात आजारी पडलेलो नाही आणि मला कण्हताना दाखवलंय. त्या आजीबाईंचा परत फोन आला. "आता कसं पटलं! मधे माझे तीन चहा झाले." वाहिनीने हे वाक्य चौकटीत घालून स्वागतकक्षात टांगलं आहे. चौकट सुताराचीच आहे. एकट्याने टांगायची म्हणून तो शिडीवर चढला खरा, पण मग म्हणाला, "उरक्या, जरा पलीकडून धर."

आता तुमचं काय ते बघू. लिफ्ट तपासणाऱ्या बाई प्रेम तपासतात, हे तुम्ही निमूट ऐकलंत. स्वेटरच्या बाहीने काळजाचं माप घेतात, तिथेही मान डोलावलीत. दार चौकटीसकट माणसामागे निघालं, तेही चाललं. पण नुसतं दार धरून दोघांचं जमलं म्हटलं, तिथे तुमच्या मनात आलं ना, "असं कसं एकदम?"

हरकत नाही. तुमच्यासाठी एकाला ताप आणू. कुणाला, तेवढं सांगा.