इफ्फतचं रॉकेट आणि माझं बूच

लोणावळ्यात झाकण लावावं तर चाँदभाईनं. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. इथल्या दमट हवेत बरणीचं झाकण जरा सैल राहिलं, की चिक्कीचा लगदा झालाच म्हणून समजा. माझ्या दुकानातली बरणी उघडताना पैलवानालाही घाम फुटतो.

तर आमची इफ्फत सातवीत आहे. वडगावच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं बाटलीचं रॉकेट केलं. पहिली आली तर जिल्ह्याला जाणार. पोरीनं महिनाभर आरशासमोर उभं राहून भाषण घोटलं. निघताना तिच्या अम्मीनं, नसीमनं, मला बजावलं, "तिथं तोंड उघडू नका. बोलायचं ते तिनं."

"मी कशाला बोलतोय?" मी म्हणालो.

रॉकेट सोपं होतं. बाटलीत व्हिनेगर, त्यात खायच्या सोड्याची पुडी, तोंडाला बूच, आणि बाटली उलटी उभी. आत वायू दाटला की बूच उडणार, वायू खाली सुटणार आणि बाटली वर जाणार.

"अब्बा, मी पुडी टाकली की तुम्ही बूच लावा. नुसतं बसवायचं हं," इफ्फत म्हणाली.

आता नुसतं बसवणं माझ्या हाताला कुठलं ठाऊक? बरणीला लावतो तसंच लावलं, दाबून, पिळून. खिशात चिकटपट्टी होती, तीही मारली.

सगळे लांब सरकले. बाटली टम्म फुगली, पण जागची हलेना.

परीक्षक सारिका मॅडमनी विचारलं, "का गं, उडत का नाही?"

इफ्फतनं तोंड उघडायच्या आत माझं उघडलं. "मॅडम, वर हवा नसते, म्हणून रॉकेट इंधनाबरोबर प्राणवायूही शिदोरीसारखा सोबत नेतं. दोन्ही जळतात, गरम वायू खाली सुटतो..." महिनाभर ऐकून तिचं भाषण मलाही पाठ झालं होतं. मी ते शेवटपर्यंत म्हणून टाकलं. बघतो तर पोरीच्या डोळ्यांत पाणी. 

तेवढ्यात बूच सुटलं. बाटली माझ्याकडे तोंड करून आडवी पडली, पलीकडे सुटली आणि उरलेलं व्हिनेगर थेट माझ्या तोंडात. मी गप्प झालो. दुसरा उपायच नव्हता.

मॅडम इफ्फतकडे वळल्या. "आता तू सांग. द्रव इंधन आणि घन इंधन, फरक काय?"

हे तिच्या भाषणात नव्हतं. पोरीनं डोळे पुसले.

"मॅडम, द्रव इंधन नळीतून येतं. झडप बंद केली की इंजिन बंद. घन इंधनाचं तसं नाही. एकदा पेटलं की संपेपर्यंत थांबवता येत नाही." मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "उदाहरणार्थ, आमचे अब्बा."

अख्खं मैदान हसलं. मॅडम तर चष्मा काढून हसल्या. इफ्फत पहिली आली.

घरी आल्यावर नसीम म्हणाली, "पोरीनं तुम्हाला बरोबर ओळखलंय."

मला नाही पटत. मी काही इतका बोलत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच समजावून सांगतो, पण शेवटपर्यंत थांबतंय कोण?